गुडघ्यातलं पाणी

१२ नोव्हेंबर, मंगळवार
अंगणवाडीत लसीकरण. शेवटचं लेकरू रडून मोकळं झालं, आई त्याला घेऊन गेली, आणि मला खुर्चीतून उठता येईना. उजवा गुडघा वाकेना आणि सरळही होईना. लता कार्डं भरत होती. आशाताई म्हणून पाच वर्षं माझ्याबरोबर आहे, तिच्यापासून काही लपत नाही. एका हातात लसीचा डबा घेतला, दुसरा हात माझ्यापुढे केला.  तो धरून उठले.

घरी येऊन टेपने मोजलं. उजवा गुडघा डाव्यापेक्षा चार सेंटिमीटर जास्त. वाटीच्या एका बाजूला दाबलं की दुसऱ्या बाजूला फुगवटा येतो, आत पाणी हलतं.

आमवाताला दोन वर्षं झाली. बोटं, मनगटं गोळ्यांनी आवरली. हा एकटा गुडघा ऐकत नाही. मलकापूरला एकाआड एक शनिवारी अकोल्याहून सांध्यांच्या डॉक्टर मॅडम येतात, त्यांनी दिवाळीआधीच सांगितलं होतं की पाणी काढू आणि आत इंजे. देऊ. मी म्हणाले, पाहू.

पाहू म्हणजे नाही. गावातल्या बाया मला बावीस वर्षं हेच सांगत आल्या आहेत, मला नाही कळणार तर कोणाला.

१४ नोव्हेंबर, गुरुवार
उपकेंद्राच्या तीन पायऱ्या. आज अंग तिरकं करून चढले, कठड्याला धरून, एकेक पाय. वर पोचले तर बाकावर चार बाया बसलेल्या, सगळ्यांनी पाहिलं. एक म्हणाली, "सिस्टर, तुमीच असं चालून राह्यल्या तं आमचं कसं."

यांनी (आमचे हे) दुकानातून आल्यावर विचारलं, शनिवारी जायचं का. मी म्हटलं, तुमच्या मोटारी कोण पाहील. रब्बी लागली आहे, गावभरच्या विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी रिवायंडिंगला येऊन पडल्या आहेत. हे म्हणाले, "मोटारी काय, दोन दिवस पडून राह्यतात. तुह्या मनात काय आहे ते सांग."

मनात काय आहे ते मलाच नीट

लिहूनच पाहते. लोक म्हणतात, सांध्यात सुई गेली की सवय लागते, हाड झिजतं. ते खरं नाही हे मला माहीत आहे. दंडात, मांडीत, कमरेवर हजारो सुया टोचल्या, हात कधी कापला नाही. भीती सुईची नाहीच. गोळ्या झाल्या, शेक झाला, व्यायाम झाला. आता हे एक उरलंय. ते करून पाहिलं आणि नाही लागू पडलं तर मग काय. जोवर घेतलं नाही तोवर ते शिल्लक आहे.

असं आहे ते. यांना सांगितलं नाही. शनिवारी जाऊ एवढंच म्हटलं.

१६ नोव्हेंबर, शनिवार. मलकापूर
झालं.

सगळं लिहून ठेवते. आडवं केलं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी. मॅडमनी आधी तळहात ठेवला, किती गरम आहे ते पाहिलं. ताप येऊन गेला का, कुठे जखम, फोड, लघवीची जळजळ. जंतू असतील तर हे इंजे. देत नाहीत, म्हणून. नाही म्हटलं. मग अंगठ्याने वाटीच्या कडेची जागा चाचपली, पेनाच्या टोपणाने दाबून खूण केली. बीटाडीन गार लागलं, तीनदा. भुलीची बारीक सुई चावली. नंतर जाड सुई गेली तेव्हा दुखलं नाही, फक्त आत कोणीतरी ढकलतंय असं वाटलं.

म्हणाल्या, "तिकडे पाहा, भिंतीकडे." मी म्हटलं, मी नर्स आहे, पाहते. आणि डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा सिरिंज भरलेली होती. सरकीच्या तेलासारखं पिवळं, पारदर्शक. दुसरी सिरिंज लावली, तीही अर्धी भरली. पन्नास एमएल. हे माझ्या गुडघ्यात घेऊन मी गावभर फिरत होते. सुई तशीच ठेवून त्याच सुईतून पांढरं दुधासारखं औषध आत. पट्टी. संपलं. सगळं मिळून दहा मिनिटंसुद्धा नाहीत.

मॅडम म्हणाल्या दोन दिवस चालणं कमी. दुखणं आज-उद्या थोडं वाढू शकतं, घाबरायचं नाही. गुडघा लाल झाला किंवा ताप आला तर मात्र फोन, शनिवारची वाट पाहायची नाही. आणि उठताना: "सुनंदाताई, याने सूज उतरेल. आजार नाही जाणार. रविवारच्या गोळ्या चालूच ठेवायच्या."

हो म्हटलं. मला काय सांगायचं ते.

१७ नोव्हेंबर, रविवार
सकाळी गुडघा ठणकला, बर्फ ठेवला. गाल लाल, कानापर्यंत. हे घाबरले. असं होतं, औषधाचं आहे, मी सांगितलं. स्वयंपाक यांनी केला, भाकरी जाड झाल्या. जेवून आमवाताची आठवड्याची गोळी घेतली, मेथोट्रेक्सेट. पडून राहिले.

१९ नोव्हेंबर, मंगळवार
चालले.

तीन पायऱ्या सरळ चढले, समोर तोंड करून. वर जाऊन उगाच परत खाली आले, पुन्हा चढले. लता पाहत होती, हसली.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार
गृहभेटी. गाडीला किक सुद्धा स्वतः मारली, पुढे वस्तीत चालत फिरले. एका ओल्या बाळंतिणीकडे खाली मांडी घालून बसले. मांडी! किती महिन्यांनी. बाळाचं वजन घेतलं, आणि उठायचं होतं तेव्हा उठले. बाळाची आजी चहा आणायला गेली तेवढ्यात डोळे भरून आले.

२८ नोव्हेंबर, गुरुवार
रेहानाभाभी आल्या. आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांचं शिवणकाम, माझा प्रत्येक युनिफॉर्म त्यांनी शिवलाय. वयाने माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठ्या. शुगर आहे. त्यांचेही दोन्ही गुडघे सुजलेले, बोटं वाकडी व्हायला लागलेली. पायाने मशीन मारवत नाही आता.

म्हणाल्या, "सिस्टर, तू कशी पळून राह्यली गावात. जे तुले देल्लं तेच मले दे."

मी म्हटलं, मी नाही देत, मलकापूरला चला. तपासणी होईल, रक्त काढतील. तर म्हणाल्या, नको, मी एक दवा घेते, थोडा फरक आहे, वरतून फक्त ती सुई पाहिजे. कोणती दवा ते सांगेनात. ब्लाउजच्या मापाची वही चाळत बसल्या. शेवटी सांगितलं: बाजाराच्या दिवशी जीप घेऊन एक जण येतो, वातावरच्या पुड्या देतो. दोन वर्षं झाली. रोज दोन.

तेव्हा मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. चेहरा गोल झालाय. मी इतके दिवस बरी तब्येत समजत होते. हातावर जांभळे डाग, कातडी कागदासारखी. त्या पुडीत स्टेरॉइड कुटलेलं असणार, सरळ आहे. शुगर का आवरत नाही तेही कळलं.

२ डिसेंबर, सोमवार
भाभींकडे गेले होते. समजावलं, नाही ऐकलं. म्हणाल्या, पुडी नाही घेतली तर सकाळी उठवत नाही. मला राग आला. दोन वर्षं माझ्या घरापासून शंभर पावलांवर विष खाऊन राहिल्या, आणि मी गावात आरोग्य शिक्षणाची पत्रकं वाटते. कपाटातल्या बरणीतल्या सगळ्या पुड्या काढल्या, मोरीत ओतल्या, वर बादलीभर पाणी. भाभींचे मालक सलीमभाई दारात होते, केळीची गाडी लावून नुकतेच आलेले. पाहत उभे राहिले.

भाभी म्हणाल्या, "आता?"
मी म्हटलं, आता शनिवारी मॅडमकडे नेते. तोवर पॅरासिटामॉल.

शनिवार चौदा तारखेला आहे. हे मला तेव्हा आठवलं नाही, घरी आल्यावर आठवलं. म्हटलं, काढतील बारा दिवस.

५ डिसेंबर, गुरुवार
सकाळी सलीमभाईंचा फोन. भाभी उठत नाहीत.

गेले तर अंथरुणावर, ओकारीचं भांडं शेजारी, डोळे अर्धे उघडे. अंग गार, घामाने ओलं. बीपी ऐंशी-पन्नास. परत घेतलं, तेच. शुगर बासष्ट. कायम अडीचशे असणारी बाई. साखरेचं पाणी तोंडात घातलं, ते ओकल्या. १०८ ला फोन केला. सलाइन लावायला शीर सापडेना. माझे हात

बावीस वर्षांत पहिल्यांदा माझे हात कापले.

गाडी यायच्या आत एक सुचलं. मशीनचा ड्रॉवर उघडला. बॉबिनखाली एक पुडी सापडली, माझ्यापासून लपवलेली. ती बरोबर घेतली. बुलढाण्याला पोचेपर्यंत भाभींचा हात धरून होते, त्या ओळखत होत्या की नाही माहीत नाही.

तिथल्या डॉक्टरांनी विचारलं काही औषध अचानक बंद केलंय का. तरुण मुलगा, माझ्या पुतण्याएवढा. सलीमभाई माझ्याकडे पाहत होते. मी पुडी टेबलावर ठेवली. म्हटलं, दोन वर्षं रोज घेत होत्या, बहुतेक स्टेरॉइड आहे, सोमवारी बंद झाली. मी बंद केली. मीच फेकली.

तो म्हणाला, शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं विसरून जातं, ते हळूहळू उतरवावं लागतं. मग माझ्या युनिफॉर्मकडे पाहिलं. लगेच इंजे. लिहून दिलं.

हे मी शिकले होते. एका ओळीत होतं पुस्तकात. वाचलंही होतं.

६ डिसेंबर, शुक्रवार
विहारात सकाळी अभिवादन. मेणबत्ती लावली. मन सगळं बुलढाण्यात. अकराच्या गाडीने गेले. भाभी बसल्या होत्या, चहात बिस्किट बुडवत. बीपी एकशे दहा. मला पाहून म्हणाल्या, बस. बसले.  शेजारच्या कॉटवरच्या बाईने विचारलं, तुमच्या कोण. भाभी म्हणाल्या, "आमच्या गल्लीतली हाय."

आधी सांगायच्या, आमची सिस्टर.

९ डिसेंबर, सोमवार
भाभी घरी आल्या. सलीमभाई दारातच भेटले, आत या म्हणाले नाहीत. मी माफी मागितली.  त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सिस्टर, त्या दिवशी तुमी पुड्या फेकल्या तवा मी दारात होतो. तुमच्यावर भरोसा होता म्हनून गप राह्यलो."

आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. घरी येऊन यांना सांगितलं. हे म्हणाले, वाचली ना ती. हो वाचली. पण ते मोजत नाही मी.

१२ डिसेंबर, गुरुवार
भाभींचा निरोप. लताच्या हाती. शनिवारी मलकापूरला जायचं तर सिस्टरलाच ये म्हणावं, मला तिथलं काही समजत नाही.

लताला दोनदा विचारलं, असंच म्हणाल्या का. असंच.

१४ डिसेंबर, शनिवार. मलकापूर
बसमध्ये खिडकीकडे भाभी, मध्ये पिशवी, इकडे मी. मूर्ती फाटा येईपर्यंत कापसाचा भाव, लग्नाचे ब्लाउज, असलंच.

मॅडमनी सगळं तपासलं, बुलढाण्याचा कागद वाचला. स्टेरॉइडची गोळी लिहून दिली. ठरवलेला डोस, दर काही आठवड्यांनी थोडा कमी. एकही दिवस चुकवायची नाही. आमवाताची मुख्य गोळी वेगळी, मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकच दिवस. भाभींनी विचारलं, सुई? मॅडम म्हणाल्या, आज नाही. त्या इंजेक्शनने शुगर काही दिवस चढते, तुमची आधीच खूप आहे. आधी ती खाली आणा, मग देते, नक्की देते.

भाभी बाहेर गेल्यावर मी मॅडमना पुड्यांचं सांगितलं. त्यांना कागदावरून कळलंच होतं. म्हणाल्या, "चूक पुडीवाल्याची आहे, सुनंदाताई. घाई तुमची होती."

कोणाची चूक किती, ते बरोबर मोजून दिलं. तेवढंच माझं.

परत येताना भाभी म्हणाल्या, "हफ्त्यातून एकदा म्हंजे कोनत्या दिवशी? तू कवा घेते?" रविवारी. "मंग मी बी रविवारीच घेईन."

५ जानेवारी, रविवार
भाभींनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर शिवणाच्या खडूने रविवारी फुल्या मारायला घेतल्या आहेत. गोळी घेतली की फुली. दुपारी फोन येतो, "झाली माही. तुही?" झाली.

शुगर दोनशेच्या आत आली. चालायलाही लागल्या, दर अर्ध्या तासाने गल्लीत एक फेरी.

१२ जानेवारी, रविवार
मातृतीर्थाला जाणाऱ्या गाड्यांची गर्दी, सिंदखेडराजाकडे. हे दुकानात. एकटीच घरी.

आज गोळी घेतली नाही. उद्या पीएचसीला मासिक सभा आहे, आणि गोळीच्या दुसऱ्या दिवशी मला मळमळतं, कोणतंही जेवण समोर आलं की नकोसं होतं. गुडघा अगदी छान आहे. एक आठवडा.

१९ जानेवारी, रविवार
यांनी भाभींच्या मशीनला मोटार बसवली. जुनी होती, जळालेली, तिच्यातच तांब्याची तार नवीन भरून दिली. पायाखाली छोटी पट्टी, हलकं दाबलं की चालते. भाभींनी आधी रिकामंच चालवून पाहिलं, मग फडक्याचा तुकडा घेतला, मग एका दमात उशीचं कव्हर शिवून टाकलं. सलीमभाई बाजूला उभे. यांना केळी दिली, फण्याच्या फण्या. मला म्हणाले, "सिस्टर, चहा घ्या." आत बसून घेतला.

गोळी आजही नाही घेतली. भाभींनी विचारलं तेव्हा झाली म्हटलं.

सहज निघालं तोंडातून. लिहिताना आत्ता कळतंय किती सहज.

२ फेब्रुवारी, रविवार
नाही. चौथा रविवार.

११ फेब्रुवारी, मंगळवार
सकाळी बोटं मिटेनात. अर्धा तास गरम पाण्यात धरली. गुडघा किंचित भरलाय. दाबून पाहिलं. दुसऱ्या बाजूला थोडा फुगवटा.

लसीकरण बसून केलं.

१६ फेब्रुवारी, रविवार
आज गोळी घेतली. एका गोळीने काय होतंय.

२२ फेब्रुवारी, शनिवार. मलकापूर
एकटी गेले, भाभींना सांगितलं नाही. टेप घेऊन मॅडमनी स्वतः मोजलं, अडीच सेंटिमीटर. मी म्हटलं, तीन महिने होऊन गेले, पुन्हा इंजे. द्या. मॅडम माझ्या रक्ताचा कागद पाहत होत्या. विचारलं, "गोळ्या नियमित?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं. समोर त्या कागदावर सूज किती वाढली ते छापलेलं. म्हटलं, पाच आठवडे घेतल्या नाहीत.

त्या रागावल्या नाहीत. का ते विचारलं. मळमळ सांगितली. तर म्हणाल्या, याला उपाय आहेत, तीच गोळी दोन वेळात विभागून घेता येते, नाहीतर पोटात टोचायचं इंजेक्शन येतं त्याचं, आठवड्यातून एकदा, तुम्ही स्वतः घेऊ शकता. सांगायचं होतं मला. मग म्हणाल्या, "गुडघ्यात आज देऊ शकते. पण आग चालूच राहिली तर जूनमध्ये पुन्हा याल, ऑक्टोबरमध्ये पुन्हा. आधी सहा आठवडे मुख्य औषध नीट घ्या. मग उरलेली सूज पाहू."

पाहू. मॅडमचं पाहू म्हणजे खरंच पाहू असतं.

२३ फेब्रुवारी, रविवार
दुपारी भाभींचा फोन आला, "झाली माही. तुही?" म्हटलं, घरी येते.

त्या ब्लाउजला हूक लावत होत्या. मी सगळं सांगितलं. जानेवारीपासून नाही घेतली. तुम्ही विचारायच्या तेव्हा खोटं बोलत होते. सूज परत आली. कालच मलकापूरला जाऊन आले, तेही सांगितलं नाही.

त्यांनी सुई कापडात टोचून ठेवली.  मला वाटलं, आता पुड्यांचं काढतील. काढायला हवं होतं. म्हणाल्या, "मले वाटलं का मलेच उलटीवानी होते. तुले काईच होत नाई म्हनून मी गप राह्यली. दर सोमवारी पडून राह्यते मी."

दहा सोमवार. दर रविवारी मी त्यांना फोनवर झाली, झाली म्हणत होते आणि त्या दर सोमवारी एकट्या

दोघींनी मिळून घेतली मग आज, त्यांच्याच घरी, जेवून. सलीमभाईंनी पाणी दिलं.

४ मार्च, मंगळवार
रोजे सुरू झाले. भाभींना या वर्षी मॅडमनी मना केलंय, गोळ्या आणि शुगर दोन्हींमुळे. गप्प गप्प आहेत. सलीमभाई दुपारपासून फळं कापून ठेवतात गाडीवर, संध्याकाळी जागा नसते उभं राहायला.

माझी पोटातली सुई सुरू झाली. स्वतःच घेतली. मळमळ कमी आहे खरंच. गुडघा जैसे थे.

भाभींचा डावा गुडघा उतरला, उजवा नाही. शुगर एकशे चाळीस. शनिवारी त्यांचा नंबर. तीन महिन्यांवर वाट पाहिली त्या सुईची.

८ मार्च, शनिवार. मलकापूर
भाभींनी नवा सलवार-कमीज घातला होता. मॅडमनी मला आत थांबू दिलं. भाभींनी माझा हात धरला, मी भिंतीकडे पाहा म्हटलं, त्या म्हणाल्या, "मले पाहू दे, माह्या गुडघ्यातलं हाय." आणि शेवटपर्यंत पाहिलं. माझ्याहून धीट.

खूण, बीटाडीन, भूल. जाड सुई. सिरिंज भरू लागली आणि मॅडमचा हात थांबला.

पाणी पिवळं पारदर्शक नव्हतं. गढूळ. ताक पातळ केल्यासारखं.

मॅडमनी सगळं काढून घेतलं. पांढरं औषध ट्रेमध्ये भरून ठेवलेलं होतं, ते बाजूला सारलं. पट्टी लावली. भाभी माझ्याकडे पाहायला लागल्या. मॅडमनी शांतपणे सांगितलं: आमवातातही पाणी असं गढूळ येतं, बऱ्याचदा येतं. पण जंतू असले तरी असंच दिसतं, आणि जंतूंवर स्टेरॉइड घातलं तर सांधा जाईल. तुमची ताकद त्या पुड्यांनी कमी झालेली आहे, म्हणून मी अंदाजावर देणार नाही. ताप नाही, पाय हलतो, हे चांगलं आहे. एक तपासणी आत्ताच करवते, दुसरीला दोन-तीन दिवस लागतील.

तासभर बाकावर बसलो. पहिल्या तपासणीत जंतू दिसले नाहीत. पण दिसले नाहीत म्हणजे नाहीतच असं नसतं, पक्कं जे आहे ते दुसऱ्या रिपोर्टवर. ताप आला, पाय टेकवेनासा झाला तर त्याच क्षणी दवाखाना.

पाणी निघाल्यामुळे भाभी येताना बरं चालत होत्या. मला म्हणाल्या, हलकं वाटते. मी हो म्हटलं.

९ मार्च, रविवार
सकाळी, दुपारी, संध्याकाळी ताप पाहिला. नाही. गुडघा कोमट, काल होता तसाच. लाल नाही.

दोघींनी आपापलं रविवारचं औषध आज घेतलं नाही. रिपोर्ट येईपर्यंत भाभींचं मॅडमनीच थांबवलंय. माझं कोणी थांबवलं नव्हतं. जेवून थोड्या वेळाने उठले, आणि घेतलं. वरची ओळ चुकली, तशीच राहू दे.

१० मार्च, सोमवार
रिपोर्ट नाही. लॅबला दोनदा फोन. उद्या म्हणाले.

सलीमभाई दुकानात यांच्याकडे येऊन बसले होते म्हणे, अर्धा तास. हे मोटारीला तार गुंडाळत राहिले.

११ मार्च, मंगळवार
लसीकरण उरकून थेट भाभींकडे. ताप नाही. त्या ओट्यापाशी उभ्या राहून भजी तळत होत्या, स्वतः रोजा नाही पण मोहल्ल्यातल्या चार घरी इफ्तारीला जातं त्यांच्याकडून. उजव्या पायावर भार देऊन उभ्या होत्या. मी तेच पाहत होते. त्यांनी मला पाहताना पाहिलं.

गॅस बारीक केला. म्हणाल्या, "सिस्टर, कागद आला का पयले मले सांगजो. आमच्या यायले नाई, लताले नाई. मले. जे आसन ते."

सांगते म्हटलं.

"तुले काय वाटते? जंतू आसन?"

बावीस वर्षं लोक मला हे विचारतात. ताप मलेरियाचा आहे का, मुलगा होईल का मुलगी, सासू वाचेल का. मी काहीतरी सांगतेच, धीर येईल असं. आज तेच ओठावर आलं होतं, काही नसणार, भाभी. अंदाज बरा आहे माझा, बारा दिवस काढतील हाही माझाच अंदाज होता, तोही असाच

म्हटलं, "मले नाई माहीत, भाभी."

त्यांनी मान हलवली. वाटलं होतं घाबरतील. मग झारा माझ्या हातात दिला आणि पाटावर पाय लांब करून बसल्या, गुडघ्याखाली उशी घेऊन. मी भजी काढली, दुसरा घाणा टाकला. अजान व्हायला वेळ होता. लॅबचा माणूस सहापर्यंत फोन करतो म्हणाला होता. फोन ओट्यावर, पिठापासून दूर, दोघींना दिसेल असा ठेवला.